दडपण आणि राखण: डिक लेबो यांच्या चरित्राची प्रस्तावना

अमेरिकेतील राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या दप्तरी डिक लेबो यांचे नाव 1959 साली दाखल झाले आणि 2017 च्या हंगामाअखेरपर्यंत, म्हणजे सलग 59 हंगाम, ते तेथून एकदाही खारीज झाले नाही. पहिले 14 हंगाम खेळाडू म्हणून आणि उरलेले 45 प्रशिक्षक म्हणून. या प्रदीर्घ प्रशिक्षकी कारकीर्दीत मुख्य प्रशिक्षकपदाची मुखत्यारी त्यांच्याकडे पुरते तीन हंगामही राहिली नाही. बाकीचा सर्व काळ दुसऱ्याच्या हाताखाली राहून संघाच्या बचावाची बाजू सांभाळण्यात, तिची आखणी करण्यात आणि तिच्यातील माणसे घडविण्यात गेला. अशा दुय्यम अधिकाराच्या माणसाचे स्वतंत्र चरित्र मराठी वाचकांपुढे का ठेवावे, असा प्रश्न कोणी विचारील तर त्याचे उत्तर असे की, या खेळात बचाव म्हणजे येईल तो आघात सोसणे ही जी समजूत पिढ्यान्‌पिढ्या रूढ होती तिला ज्या मोजक्या विचारवंतांनी कायमचा धक्का दिला त्यांच्यात लेबो यांचे स्थान अग्रभागी आहे, आणि विचाराचा इतिहास लिहिताना तो विचार करणाऱ्याच्या हुद्द्याची चौकशी करण्याचे कारण नाही.

हा अमेरिकी फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून सर्वस्वी निराळा असल्यामुळे त्याची किमान ओळख येथे करून देणे अवश्य आहे. 100 यार्ड लांबीच्या मैदानावर दोन्ही पक्षांचे अकरा-अकरा खेळाडू उभे राहतात; ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात आणि न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. चेंडू नेणारा ताफा वेगळा आणि तो अडविणारा ताफा वेगळा. एकाच संघातील या दोन ताफ्यांची माणसे, त्यांचे सराव आणि त्यांचे शिक्षक हेही वेगळे. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत संपतो, खेळ थांबतो, दोन्हीकडे पुन्हा मसलत होते, बाहेरून हुकूम येतो आणि माणसे नव्या रचनेत उभी राहतात. आक्रमणाचे सूत्र क्वार्टरबॅक नावाच्या एका खेळाडूच्या हाती असते. चेंडू पुढे फेकावा की कोणाच्या हाती देऊन पळवावा, हे प्रत्यक्षात तो घडवून आणतो. त्याच्यावर धावून जाऊन त्याला विचार करण्यास अवधी न देणे हे बचावाचे एक काम आणि चेंडू झेलण्यासाठी पुढे धावणाऱ्यांस मोकळी जागा मिळू न देणे हे दुसरे. माणसे मात्र अकराच. कबड्डीत चढाईवाला मध्यरेषेच्या अलीकडे आला असता कोणी झेप घ्यावी आणि कोणी मागे राहून त्याची परतीची वाट अडवावी, हा निर्णय साखळीतल्या गड्यांस जसा पापणी लवण्याच्या आत घ्यावा लागतो, तसाच पेच येथे दर प्रयत्नास उभा राहतो. जितकी माणसे झेप घेतील तितकी राखण उघडी पडते.

या पेचाचे जे उत्तर लेबो यांनी शोधले ते सांगण्यापूर्वी ते ज्या वाटेने तेथपर्यंत आले ती वाट पाहिली पाहिजे.

त्यांचा जन्म 9 सप्टेंबर 1937 चा, ओहायो राज्यातील लंडन या लहान गावचा. कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात वुडी हेज या करड्या शिस्तीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते खेळले आणि 1957 च्या राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघात होते. 1959 साली क्लीव्हलंड ब्राउन्स संघाने त्यांची निवड केली खरी, परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या सराव शिबिरातच त्या संघाचे सर्वाधिकारी पॉल ब्राउन यांनी त्यांस कमी केले. डेट्रॉइट लायन्स संघाने त्यांना आश्रय दिला, आणि तेथे ते 14 वर्षे टिकले. कॉर्नरबॅक, म्हणजे मैदानाच्या कडेला राहून सर्वांत वेगवान प्रतिस्पर्ध्याची पाठ न सोडणारा राखणदार, ही त्यांची जागा. या जागेवरील चूक झाकली जात नाही. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत आपल्या हाताखालून माणूस निसटतो आणि गुण होतो. अशा जागेवर सलग 171 सामने न चुकता उभे राहणे आणि प्रतिपक्षाने फेकलेले 62 चेंडू मध्येच झेलून हस्तगत करणे, ही कामगिरी लहान नव्हे. 1972 साली ते निवृत्त झाले तेव्हा एम्लेन टनेल आणि त्यांचेच एके काळचे सहकारी डिक लेन हे दोघेच या गणतीत त्यांच्या पुढे होते. संघाच्या नशिबी मात्र यश नव्हते. 1970 साली लायन्स बाद फेरीत पोहोचले आणि डॅलसकडून 5–0 असे हरले. बचावाने अवघे पाच गुण देऊनही सामना जाऊ शकतो, हे लेबो यांनी त्या दिवशी मैदानात उभे राहून पाहिले. याच सुमारास एका चित्रपटात मायकेल केन या नटाच्या ऐवजी साहसदृश्ये करण्याचे कामही त्यांनी केले. चरित्रात त्याचा उल्लेख आहे, त्यापलीकडे त्यास महत्त्व देण्याचे कारण नाही.

फिलाडेल्फिया आणि ग्रीन बे येथील सात हंगाम उमेदवारीचे. 1980 साली ते सिनसिनाटी बेंगॉल्स संघाच्या सेवेत आले. हा संघ त्याच पॉल ब्राउन यांनी स्थापन केलेला होता. 21 वर्षांपूर्वी ज्यांनी या तरुणास दार दाखविले त्यांच्याच संघाने आता त्यांस मागच्या फळीचा शिक्षक नेमले, आणि 1984 साली साऱ्या बचावाचा कारभार त्यांच्या हाती सोपविला.

तो काळ बचाव करणाऱ्यांच्या दृष्टीने मोठ्या विवंचनेचा होता. बिल वॉल्श हे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांनी चेंडू लांब फेकण्याऐवजी आखूड अंतरावर, अत्यंत त्वरेने आणि पावलांच्या ठरलेल्या मापाने फेकण्याची एक पद्धती सिद्ध केली होती. तिची पहिली बीजे त्यांनी सिनसिनाटीतच, ब्राउन यांच्या हाताखाली साहाय्यक असताना रोवली होती, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. या पद्धतीपुढे बचावाची जुनी हत्यारे बोथट ठरली. क्वार्टरबॅकवर नेहमीच्या चार माणसांनी धाव घेतली तर ती पोहोचेपर्यंत चेंडू हातातून सुटलेला असे. जास्त माणसे पाठवावीत, ज्यास ब्लिट्झ म्हणतात तो हल्ला करावा, तर ती माणसे जी जागा सोडून पुढे आली नेमकी तीच जागा हेरून चेंडू तेथे फेकला जाई, आणि मागे एकास एक अशी राखण असल्यामुळे एक पाय घसरला तरी साठ-सत्तर यार्डांचा मुलूख हातचा जाई.

यावर तोड शोधताना लेबो लुइझियाना स्टेट विद्यापीठात बिल आर्न्सपार्गर यांस भेटावयास गेले. 1970 नंतरच्या वर्षांत मायामीच्या विजयी संघाचा बचाव आर्न्सपार्गर यांनी बांधला होता आणि 53 क्रमांकाचा बॉब मॅथेसन हा खेळाडू कधी पुढच्या फळीतून धावून जाईल व कधी मागे राखणीस राहील याचा प्रतिपक्षास पत्ता लागू न देण्याची युक्ती त्यांनी योजिली होती. आपणांस हवे आहे ते निर्धोक दडपण, असे त्यांनी या भेटीत सांगितले, आणि परतीच्या विमानप्रवासात लेबो हाताशी आलेल्या कागदी रुमालांवर आकृत्या काढीत बसले, अशी आख्यायिका आहे. दडपण तर आणावयाचे, पण राखण उघडी टाकावयाची नाही; या दोन परस्परविरोधी मागण्या एकाच रचनेत बसविण्याचा प्रयत्न म्हणजेच पुढे झोन ब्लिट्झ या नावाने विख्यात झालेली पद्धती.

तिचे मर्म थोडक्यात असे. दोन्ही फळ्या समोरासमोर भिडतात त्या रेषेवर पाच किंवा सहा माणसे अशी उभी करावयाची की त्यांतील प्रत्येक जण धावून येणार असे वाटावे. चेंडू उचलला जाताच एका बाजूचा लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीच्या लगेच मागे उभा राहणारा गडी, किंवा अगदी मागचा राखणदारसुद्धा क्वार्टरबॅकवर तुटून पडतो. परंतु त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचा, अडीचशे-पावणेतीनशे पौंड वजनाचा पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, ज्याने आयुष्यभर पुढे धडक मारण्याखेरीज काही केलेले नाही असा, उलट पावली मागे सरकतो आणि ज्या रिकाम्या जागी क्वार्टरबॅकची नजर सवयीने जाणार तेथे जाऊन उभा राहतो. धावणाऱ्यांची संख्या फारशी वाढत नाही, बहुधा चार किंवा पाचच; पण ते चौघे-पाच जण कोण, हे आक्रमणाच्या पुढच्या फळीस कळत नाही. तिच्या दोघांनी ज्यास अडवावयाचे तो मागे निघून गेलेला असतो, आणि जो अंगावर येत असतो त्यास अडविण्यास कोणी नेमलेलेच नसते. मागे उरलेले सहा-सात जण एकेका माणसाच्या मागे न धावता मैदानाचा एकेक पट्टा वाटून घेतात आणि तोंड क्वार्टरबॅककडे ठेवून उभे राहतात, त्यामुळे चेंडू फेकला गेला तरी त्यास सामोरे जाण्यास डोळे मोकळे असतात. ही रचना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात एकाने क्षणभर विलंब केला तर सारी इमारत कोसळते. म्हणून तिला सराव लागतो, वर्षानुवर्षांचा सहवास लागतो आणि शेजारचा गडी आपल्या जागी असणारच हा भरवसा लागतो. लेबो यांच्या पद्धतीत नवखे खेळाडू वर्ष-दोन वर्षे बाकावर बसत आणि तिशी ओलांडलेले खेळत, याचे कारण हेच होय.

सिनसिनाटीत या विचाराची सर्वांत मोठी कसोटी 22 जानेवारी 1989 रोजी मायामी येथे लागली. तेविसाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोर वॉल्श यांचाच संघ होता आणि वॉल्श यांचा तो प्रशिक्षक म्हणून त्या संघाबरोबरचा अखेरचा सामना होता. आरंभीच बेंगॉल्सच्या पुढच्या फळीचा आधारस्तंभ टिम क्रुमरी याचा पाय मोडला. तरीही मध्यंतरास गुणसंख्या 3–3 अशी बरोबरीत होती. क्वार्टरबॅक जो मॉन्टाना आणि चेंडू झेलणारा जेरी राइस यांच्या संघास अर्ध्या सामन्यात केवळ तीन गुणांवर थोपविणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. चौथ्या भागाच्या प्रारंभी, बेंगॉल्स पुढे असता, मॉन्टानाचा एक चेंडू थेट ल्युइस बिलप्स या राखणदाराच्या हातांत आला आणि निसटला; पुढच्याच प्रयत्नात राइसने गुण मिळवून बरोबरी साधली. बेंगॉल्सनी पुन्हा 16–13 अशी आघाडी घेतली, तेव्हा तीन मिनिटांच्या वर थोडा वेळ उरला होता आणि चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या आठ यार्डांच्या खुणेवर होता. तेथून 92 यार्ड त्यांनी अकरा प्रयत्नांत कापले. 34 सेकंद उरले असता जॉन टेलरने चेंडू झेलला आणि सामना 20–16 असा संपला. राइसने त्या दिवशी 11 झेलांत 215 यार्ड मिळविले. लेबो यांच्या पद्धतीचे टीकाकार या सामन्याकडे बोट दाखवितात. माझा अभिप्राय निराळा आहे. जवळजवळ 57 मिनिटे जो विचार खरा ठरला तो अखेरच्या तीन मिनिटांत खोटा ठरत नाही. सुटलेला झेल हा रचनेचा दोष नव्हे, आणि मॉन्टानाच्या त्या दिवशीच्या शांतचित्तास उत्तर त्या काळी कोणाजवळच नव्हते.

1992 साली ते पिट्सबर्गला आले. बिल कॉवर मुख्य प्रशिक्षक, डॉम केपर्स बचावाचे प्रमुख आणि लेबो मागच्या फळीचे शिक्षक, असे हे त्रिकूट होते. रॉड वुडसन, ग्रेग लॉइड, केव्हिन ग्रीन यांच्यासारखे गडी दिमतीस होते. पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेल्या त्या शहरास कठोर बचावाचे प्रेम पूर्वीपासूनच होते. केपर्स अन्यत्र गेल्यावर 1995 साली सर्व सूत्रे लेबो यांच्याकडे आली आणि त्याच हंगामाच्या अखेरीस संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. तेथे डॅलसच्या एमिट स्मिथ या अग्रगण्य धावपटूस त्यांनी 18 प्रयत्नांत 49 यार्डांहून अधिक मिळू दिले नाहीत, तरी आपल्याच क्वार्टरबॅकचे दोन चेंडू प्रतिपक्षाच्या हाती पडल्याने सामना 27–17 असा गेला.

यानंतर सिनसिनाटीस परत जाण्यात त्यांनी चूक केली असे मला वाटते. 2000 च्या हंगामात पहिले तिन्ही सामने गमावल्यावर ब्रूस कॉस्लेट यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडले आणि ते लेबो यांच्या गळ्यात आले. 12 विजय आणि 33 पराभव असा त्यांच्या अमलाचा हिशेब आहे. 2002 साली तर सोळांपैकी दोनच सामने जिंकता आले. संघ दुबळा होता हे खरे, पण तेवढे सांगून भागत नाही. मुख्य प्रशिक्षकास साऱ्या संस्थानाचा कारभार पाहावा लागतो, माणसांस बडतर्फ करावे लागते, मालक आणि वृत्तपत्रे यांना तोंड द्यावे लागते. लेबो यांची प्रकृती शिक्षकाची होती, कारभाऱ्याची नव्हती. चरित्रकाराने हे प्रकरण झाकून ठेवलेले नाही, याबद्दल त्याचे अभिनंदन केले पाहिजे.

बफेलोत एक वर्ष काढून 2004 साली ते पिट्सबर्गला परतले तेव्हा त्यांचे वय 66 होते. इतरांची कारकीर्द जेथे संपते तेथे त्यांचा सर्वांत वैभवाचा काळ सुरू झाला. 5 फेब्रुवारी 2006 रोजी, खेळाडू म्हणून ज्या शहरात त्यांनी 14 वर्षे अजिंक्यपदाविना काढली त्या डेट्रॉइटमध्येच, सिअ‍ॅटलला दहा गुणांवर रोखून पिट्सबर्गने सुपर बोल जिंकला. लीगमध्ये 47 हंगाम काढल्यावर मिळालेले हे त्यांचे पहिले विजेतेपद. पुढे मुख्य प्रशिक्षकपदी माइक टॉमलिन आले. वयाने सुमारे पस्तीस वर्षांनी लहान, आणि स्वतः निराळ्या संप्रदायात शिकलेले. तरीही त्यांनी लेबो यांची पद्धती कायम ठेवली. हा टॉमलिन यांचा मोठेपणा होय. 2008 च्या हंगामात या बचावाने दर सामन्यास सरासरी 13.9 गुण आणि 237 यार्ड एवढेच दिले. दोन्ही बाबतींत साऱ्या लीगमध्ये ते सर्वांत कमी होते.

त्या हंगामाचा अंतिम सामना टँपा येथे अ‍ॅरिझोनाशी झाला आणि त्यातील एक क्षण या चरित्राचा मध्यबिंदू मानावा असा आहे. पूर्वार्ध संपण्यास 18 सेकंद उरले होते, पिट्सबर्गकडे 10–7 अशी आघाडी होती आणि चेंडू अ‍ॅरिझोनाकडे, पिट्सबर्गच्या गुणरेषेपासून एका यार्डावर होता. बाहेरून हुकूम आला तो सर्वांनी धावून जाण्याचा. जेम्स हॅरिसन या लाइनबॅकरनेही जावयाचे होते. हा तोच गडी, ज्यास कोणत्याही संघाने निवडीत घेतले नव्हते आणि ज्यास पिट्सबर्गनेच वारंवार कमी केले होते. अ‍ॅरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर चेंडू झटपट फेकणार हे ताडून हॅरिसन एक पाऊल पुढे टाकल्यासारखे करून मागे सरकला, वॉर्नरला तो दिसला नाही, चेंडू त्याच्या छातीवर आला आणि तो घेऊन तो 100 यार्ड धावत सुटला. दुसऱ्या टोकास तो कोसळला तेव्हा घड्याळात शून्य होते आणि गुण 17–7 झाले होते. सामना पुढे 27–23 असा, अखेरच्या 35 सेकंदांत, पिट्सबर्गने जिंकला; तो क्षण नसता तर तो जिंकला गेला नसता. हॅरिसनने हुकूम मोडला हे उघड आहे. परंतु पुढे जाण्याचा आव आणून, चेंडू येणार त्या जागी मागे सरकणे, हे तर लेबो यांनी पाव शतक शिकविलेले सूत्र होते. त्या रात्री शिष्याने गुरूचा हुकूम मोडला आणि गुरूची विद्या पाळली. शिक्षकाच्या कामाचे याहून मोठे प्रमाणपत्र मला माहीत नाही.

2011 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा अंतिम सामन्यात होते. पलीकडे ग्रीन बेच्या बचावाची सूत्रे पिट्सबर्गमधील जुने सहकारी केपर्स यांच्या हाती होती आणि 31–25 असा विजय त्यांच्या पदरी पडला. 2011 च्या हंगामातही पिट्सबर्गने लीगमधील सर्वांत कमी, 227 गुण दिले. पण जानेवारी 2012 मध्ये डेन्व्हर येथे बाद फेरीत, जादा वेळेच्या पहिल्याच प्रयत्नात, धाव अडविण्यास सारी माणसे पुढे खेचली असता डेन्व्हरचा क्वार्टरबॅक टिम टीबो याने चेंडू मध्यभागी फेकला आणि डेमारियस टॉमसने 80 यार्डांची मजल मारून सामना संपविला. माणसे वयस्क होत चालली होती. 2014 च्या हंगामानंतर लेबो यांनी पिट्सबर्ग सोडले, टेनेसीत तीन हंगाम काम केले आणि तेथेच ही कारकीर्द थांबली.

खेळाडूंचे त्यांच्यावरील प्रेम हा या चरित्रातील सर्वांत हृद्य भाग होय. दर वर्षी नाताळच्या सुमारास क्लेमंट मूर यांची नाताळच्या पूर्वरात्रीवरील दीर्घ कविता ते संघासमोर मुखोद्गत म्हणून दाखवीत, आणि शंभर-शंभर किलोंचे हे मल्ल ती मुलांसारखे ऐकत. एकदा कँटन येथील सामन्यास पिट्सबर्गचे बचावपटू डेट्रॉइट लायन्सच्या जुन्या 44 क्रमांकाचे, म्हणजे लेबो यांचे, सदरे घालून आले. या खेळाचे कीर्तिमंदिर त्याच गावी आहे आणि तेथे त्यांना प्रवेश मिळावा अशी ही मूक याचना होती. ती 2010 साली फळास आली. सन्मानाच्या दिवशी टॉमलिन यांनी सारा संघ बसगाड्यांत घालून समारंभास नेला. लेबो यांच्याबरोबर सन्मान झालेल्यांत जेरी राइस आणि एमिट स्मिथ हे दोघेही होते.

तो सन्मान मात्र त्यांस खेळाडू म्हणून मिळाला. साहाय्यक प्रशिक्षकासाठी त्या मंदिराच्या शिरस्त्यात जागाच नव्हती. 62 झेलांचा खेळाडू त्या मानास पात्र होता याविषयी दुमत नाही, परंतु ज्या कामाने हा खेळ बदलला त्या कामाची तेथे नोंद नसावी हा अन्याय आहे, आणि प्रस्तुत चरित्राने तो आपल्यापुरता दूर केला आहे. वाचकांस एकच विनंती करावीशी वाटते. सामन्यांची वर्णने तुम्ही आवडीने वाचालच. पण चौथ्या आणि पाचव्या प्रकरणांतील आकृत्या रूक्ष समजून ओलांडू नका. प्रत्येक आकृतीत आधी पुढे धावणारा गडी शोधा, मग मागे सरकणारा शोधा, आणि तेवढे दोघे सापडल्यावरच पान उलटा.